घाटमाथ्यावरील तिरकमठा

कल्याणाहून नगरकडे, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराकडे, जाणारा रस्ता माळशेज घाट चढून देशावर येतो; तेथून थोड्याच अंतरावर मढ हें गांव लागतें. जुन्नर तालुक्याचा हा अगदीं वायव्येकडील कोपरा. उत्तरेस हरिश्चंद्रगडाचा प्रचंड पहाड, जवळच सिंदोळ्याचा लहानसा किल्ला आणि पश्चिमेस एकदम कोंकणांत तुटून पडणारे कडे. घाटाच्या तोंडाशीं उगम पावलेली पुष्पावती नदी ह्याच खोऱ्यांतून पूर्वेस वाहत जाते व पुढें येडगांवापाशीं कुकडीस मिळते. ह्या प्रांतीं नदीच्या खोऱ्यास 'नेर' म्हणण्याचा जुना प्रघात आहे. कुकडीचें तें कुकडनेर, भीमेचें तें भीमनेर, आणि मढचें तें मढनेर.

ज्येष्ठाच्या अखेरीस मेघ ह्या कड्यांवर आदळूं लागले म्हणजे पुढचे तीन-चार महिने मढनेरांत आकाश व भूमि एकच होऊन जातात. चुलीवर टांगलेली वस्तु तेवढी कोरडी राहते; बाकी सर्वांस ओल चढते. शस्त्रांच्या इतिहासांत पावसाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु ह्या घाटमाथ्यावर कोणतें हत्यार टिकलें व कोणतें टिकलें नाहीं, ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या पावसांतच आहे. उरलेलें अर्धें उत्तर मात्र माणसांच्या कायद्यांत आहे. त्याचा विचार ओघानें पुढें येईल.

धनुष्यास मराठींत नांवें पुष्कळ. चाप, कोदंड, शार्ङ्ग हीं पोथ्यांतलीं. कमान हें दरबारांतलें. रानावनांतल्या माणसाचा शब्द तिरकमठा. त्यांतील 'तीर' फारशींतून आला. 'कमठा' म्हणजे वेळूचें धनुष्य. शब्दाच्या ह्या जोडणींतच एक इतिहास दडलेला आहे. बाणाला राजदरबाराचें नांव मिळालें, पण धनुष्याचें नांव रानचें तें रानचेंच राहिलें.

राजांच्या धनुष्याची साक्ष जुन्नर प्रांतीं फार जुनी आहे. मढच्या दक्षिणेस नाणेघाट आहे. तेथल्या लेण्यांत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे व त्यांत यज्ञांची व दानांची लांबलचक यादी आहे. त्याच वंशांत पुढें झालेल्या गौतमीपुत्र सातकर्णीचें वर्णन त्याच्या मातेनें, गौतमी बलश्रीनें, नाशिकच्या लेण्यांत कोरविलें; त्यांत त्यास जीं विशेषणें लाविलीं आहेत त्यांपैकीं एक 'एकधनुर्धर' असें आहे. म्हणजे ज्याच्या तोडीचा दुसरा धनुर्धर नाहीं असा. मातेनें पुत्राचें कौतुक करतांना हात आंखडता घेतला नसेल हें उघड आहे. तरी राजाचा मोठेपणा सांगावयाचा तर धनुर्विद्येचा उल्लेख केल्यावांचून भागत नसे, एवढें त्यावरून निश्चित होतें.

गौतमीपुत्रानें ज्याचा पाडाव केला त्या क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस बाण व वज्र अशीं चिन्हें आहेत. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं अशा नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सांपडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. जिंकलेल्याच्या बाणावर जिंकणाऱ्याचा शिक्का! ह्याच नहपानाचा अमात्य अयम यानें जुन्नरजवळ मानमोडीच्या डोंगरांत केलेल्या दानाचा लेख अद्याप वाचतां येतो. त्यांत ४६ वें वर्ष दिलें आहे. तेव्हां बाणाचें चिन्ह मिरविणारी ती राजसत्ता जुन्नरच्या डोंगरांपर्यंत येऊन पोंचली होती ह्यांत संशय नाहीं. कोल्हापुरास सांपडणाऱ्या त्या काळच्या कांहीं नाण्यांवर तर बाण जोडलेलें धनुष्यच काढलेलें आहे.

हीं झालीं राजांचीं धनुष्यें. पण राजे धनुष्य कशाचें करवीत? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराचें प्रकरण आहे. त्यांत धनुष्यासाठीं ताड, वेळू, लांकूड व शिंग अशीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग इत्यादींच्या जोडीस वेळू व स्नायु यांचेंहि नांव आहे. बाणाचीं अग्रें लोखंडाचीं, हाडाचीं किंवा लांकडाचीं असावींत असें तेथें म्हटलें आहे. शिकंदराबरोबर आलेल्या नियार्कसाच्या आधारें ग्रीक ग्रंथकार आरियन यानें हिंदी पायदळाचें धनुष्य माणसाच्या उंचीएवढें असल्याचें लिहिलें आहे. तें जमिनीवर टेकवून, डाव्या पायानें दाबून, मग दोरी ओढीत. एवढें लांब धनुष्य घोडेस्वाराच्या कामाचें नव्हे; तें पायीं चालणाऱ्याचेंच.

आतां गंमत अशी आहे कीं, कौटिल्याच्या यादींतील जें जें महाग व कारागिराच्या हातचें, तें तें काळाच्या ओघांत नाहींसें झालें. आणि जें फुकटचें, रानांतून तोडून आणावयाचें, तेंच टिकलें. वेळूचें धनुष्य व वेळूचीच दोरी ही जोडी भिल्लांनीं आपल्या दिवसांपर्यंत चालवीत आणली. राजाच्या कोठारांतली विद्या राजाबरोबर गेली; झोंपडींतली विद्या झोंपडींत राहिली.

हें धनुष्य कसें करतात तें पाहण्यासारखें आहे, कारण त्यांत कोठेंहि बाजारावर अवलंबून राहावें लागत नाहीं. वेळू निवडतांना कोंवळा घेऊन चालत नाहीं. तो दोन-तीन वर्षांचा, पक्का झालेला लागतो. तोडावयाचा तो पावसाळा संपून थंडी पडल्यावर. त्या वेळीं त्यांत सत्त्वरस कमी असतो व कीड लागत नाहीं. मग तो उभा चिरून त्याची हातांत मावेल अशी कांब काढतात. वेळूची खरी ताकद त्याच्या कातडीजवळ असते. तेथील धागे दाट व लांब असतात, आंत जावें तसे ते विरळ होत जातात. म्हणून कसबी माणूस तासतो तो आंतल्या बाजूनें. कातडी त्याला दुखवावयाची नसते. मध्यें मूठ जाड, दोन्हीं टोंकांकडे निमुळतें, आणि वांकविल्यावर दोन्हीं बाहु सारखे वांकले पाहिजेत. एक बाहु जरा ताठ राहिला तर बाण भरकटतो. हें मोजावयाला फूटपट्टी लागत नाहीं. धनुष्य हळूहळू ओढून, डोळा लावून, पुन्हां तासून तें साधावें लागतें. घाई केलेलें धनुष्य पहिल्याच ओढीला मोडतें, आणि मोडलेली कांब पुन्हां सांधत नाहीं.

दोरी वेळूच्याच सालीच्या पातळ पट्टीची. तिच्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. स्नायूची किंवा चामड्याची दोरी पाण्यानें फुगते व लांबते. दोरी लांबली कीं धनुष्याचा ताण गेला. वेळूची पट्टी भिजली तरी फारशी सैल पडत नाहीं. ती तुटली तर दुसरी काढावयाला वेळूचें बेट दहा पावलांवर आहेच! बाणाची काडी सरळ, हलकी व लवचिक लागते. तिच्या मागच्या टोंकास पक्ष्यांचीं पिसें बांधतात. तीं हवेंत मागें ओढ धरतात, त्यामुळें बाणाचें तोंड पुढेंच राहतें. मोठ्या जनावरास लोखंडी पातें, आणि पक्ष्यास बोथट लांकडी गोळा, म्हणजे पांखरू फाटत नाहीं व बाण झाडांत रुतून बसत नाहीं. एवढा विचार ज्या हत्यारामागें आहे त्याला रानटी म्हणण्याची चाल नागर लोकांनीं पाडली, ती अज्ञानाची आहे असेंच म्हणावें लागतें.

ह्या विद्येपासून लाभ कोणते? शरीराच्या दृष्टीनें पाहिलें तर धनुष्य ओढणें हें दंडाचें काम नव्हे; तें पाठीचें काम आहे. नवशिका दंडानें ओढतो आणि दहा बाणांत थकतो. जाणता माणूस दोन्हीं खांद्यांचीं पाळीं मागें आणून ओढतो, छाती उघडी राहते, श्वास मोकळा चालतो. बाण सोडण्यापूर्वीं श्वास क्षणभर स्थिर करावा लागतो. पण ह्याहून मोठा लाभ वेगळाच आहे. रानांत तिरकमठा घेऊन जाणाऱ्याला सावजाच्या अगदीं जवळ जावें लागतें. त्यासाठीं वारा कोणत्या दिशेचा, पानें कोठें वाळलेलीं, पांखरांनीं कोणती हांक दिली, पाण्यावर कोणते ठसे उमटले, हें सारें वाचावें लागतें. बंदूकवाल्याला ह्यांतलें पुष्कळसें टाळतां येतें. शिवाय बाण मोजके असतात. एक चुकला तर तो शोधून आणावा लागतो, म्हणून विनाकारण बाण सोडण्याची संवय लागत नाहीं. आणि बाण सुटल्याचा आवाज होत नाहीं. पहिला चुकला तरी रान जागें होत नाहीं, दुसऱ्यास संधि मिळते.

सह्याद्रीच्या ह्या बाजूस महादेव कोळी, ठाकर व कातकरी ह्यांची वस्ती पूर्वापार आहे. महादेव कोळ्यांचे नाईक घाटांच्या चौक्या राखीत, किल्ल्यांवर चाकरी करीत, आणि प्रसंगीं राजसत्तेशीं दोन हातहि करीत. चौदाव्या शतकांत महंमद तुघलकानें कोंढाण्यास वेढा घातला तेव्हां तेथील कोळी नाईक नाग यानें तो किल्ला आठ महिने लढविला. शिवनेरीवर एक चौथरा दाखवितात. मोंगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांची सतराव्या शतकाच्या मध्यास जी कत्तल झाली तिचें तें स्मारक समजलें जातें. ज्या गडावर शिवजन्म झाला त्याच गडावर हा चौथरा आहे. यात्रेकरू पाळण्याचें दर्शन घेतात. चौथऱ्यापाशीं थांबणारे थोडे.

परक्या प्रवाशांच्या लिहिण्यांतहि ह्या प्रांताची शस्त्रें डोकावतात. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन हा इ. स. १४६९ च्या सुमारास चौल बंदरांत उतरला. सरदारांचे चाकर त्यानें पाहिले ते कमरेस वस्त्र गुंडाळलेले, अनवाणी व धट्टेकट्टे. कोणाच्या हातीं ढाल-तलवार, कोणाच्या भाला, कोणाच्या कट्यार, आणि कोणाच्या धनुष्यबाण. पुढें तो घाट चढून जुन्नरास आला व पावसाळा त्यानें तेथें काढला. चार महिने जिकडे तिकडे पाणी व चिखल असल्याची त्याची तक्रार आहे. हिमाच्या देशांतल्या त्या माणसालाहि आमचा पाऊस भारी झाला! जुन्नरच्या असदखानानें त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडाहि परत व वर मोहोराहि, असें आमिष दाखविलें. खुरासानच्या एका गृहस्थाच्या रदबदलीनें बिचारा त्या संकटांतून सुटला. पण येथें त्या घोड्याशीं कर्तव्य नाहीं; कर्तव्य आहे तें त्या पावसाशीं.

कारण निकितिन आला त्या काळीं दक्षिणेंतील सुलतानांच्या घोडदळाजवळ जें धनुष्य होतें तें तुर्की वळणाचें होतें. १४९० सालीं जुन्नर येथेंच मलिक अहमदानें निजामशाहीची स्थापना केली. त्या फौजांचें वळण तेंच. हें धनुष्य म्हणजे कारागिरीची कमाल. आंत लांकडाचा गाभा, धरणाऱ्याच्या बाजूस म्हशीच्या शिंगाची पट्टी, बाहेरच्या बाजूस जनावराच्या स्नायूंचे धागे, आणि सर्व सरसानें एकजीव केलेलें. आंखूड असल्यानें घोड्यावरून सोडावयास सोपें, आणि मारा दूरचा. एक धनुष्य पुरें होण्यास महिनेच्या महिने लागत. परंतु सरसाला ओल सोसत नाहीं. दमट हवेंत तें धनुष्य मऊ पडतें, सांधे सुटतात, ताण जातो. म्हणूनच हिंदुस्थानांत पुढें पोलादाचीं धनुष्यें करूं लागले. तीं मारा कमी करीत, पण शस्त्रागारांत पावसाळ्यामागून पावसाळे पडून राहिलीं तरी बिघडत नसत.

म्हणजे जें धनुष्य गोबीच्या वाळवंटांत व इराणच्या पठारावर अजिंक्य ठरलें, तें मढनेरच्या आषाढांत उबेला गुंडाळून ठेवावें लागे. आणि त्याच वेळीं वेळूचा कमठा पावसांत भिजत, रानांत, माणसाच्या हातांत असे. युद्धांत श्रेष्ठ कोणतें हा प्रश्न वेगळा. मैदानांत शिंगाच्या कमानीपुढें वेळूचा कमठा टिकला नसता. पण प्रत्येक हत्यार आपआपल्या हवेंत मोठें असतें.

पुढें बंदूक आली. शाळेंतील पुस्तकांत गोष्ट येथें संपते. बंदुकीनें धनुष्याचा पराभव केला, झालें. वस्तुतः तसें घडलें नाहीं, निदान इतकें लौकर घडलें नाहीं. औरंगजेबाच्या राजवटींत हिंदुस्थानांत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानें नमूद केलें आहे कीं, बंदूकवाला दोन बार काढतो तेवढ्यांत मोंगल घोडेस्वार सहा बाण सोडतो. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे. पावसांत वात विझे, दारू सर्द होई. शिवाय दारू व शिसें हीं बाजारांतून विकत आणावयाचीं. ज्याच्या घरीं वर्षाकांठीं चार रुपये रोख दिसत नाहींत, त्यानें बंदूक चालवावी कशी? बाणाला खर्च लोखंडाच्या एका पात्याचा. बाकी सर्व रानाचें. ह्या डोंगरांतले दांडगे नाईक बंदुका व तलवारी बाळगीत, पण गरिबाचें हत्यार म्हणून तिरकमठा, गोफण व गलोल हींच चालू राहिलीं. गोफण तर मळ्यांतल्या माच्यावरून पांखरें हांकावयाला महाराष्ट्रांत सर्वत्र होतीच.

धनुर्विद्येचें नांव निघालें म्हणजे एकलव्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. निषादांच्या राजाचा तो पुत्र, द्रोणाचार्यांनीं त्यास शिष्य केलें नाहीं. त्यानें मातीच्या मूर्तीपुढें अभ्यास केला व शेवटीं उजव्या हाताचा आंगठा गुरुदक्षिणा म्हणून दिला. मढच्या उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांत आणि पुढें खानदेश-सातपुड्यांत पसरलेले भिल्ल स्वतःस एकलव्याचे वारस समजतात. ते दोरी ओढतांना आंगठा लावीत नाहींत, तो ह्या दक्षिणेच्या स्मरणार्थ, असें सांगितलें जातें. कथा कथेच्या ठिकाणीं असो. पण तिच्या तळाशीं एक कारागिरीची गोष्ट आहे. जगांत दोरी ओढण्याच्या मुख्य रीति दोन. एक आंगठ्याची, तींत आंगठ्यावर शिंगाचें किंवा दगडाचें कडें घालतात. तुर्क, मोंगल, चिनी ह्यांची ती रीत. दुसरी बोटांची, तींत आंगठा मोकळा राहतो. पहिल्या रीतींत बाण धनुष्याच्या उजव्या अंगास बसतो, दुसरींत डाव्या. आंगठा गेल्यानें ज्याची विद्या जाते तो पहिल्या रीतीचा धनुर्धर होय. एकलव्याचा आंगठा मागणाऱ्यास ही बाब पक्की ठाऊक होती. आणि ज्यांचा आंगठा गेला त्यांच्या वारसांनीं दोन बोटांनीं तीच विद्या पुन्हां उभी केली, अशी जर लोकांची समजूत असेल तर ती हंसण्यावारी नेण्याजोगी खास नाहीं. आजच्या ऑलिंपिक सामन्यांतहि दोरी ओढतात ती आंगठ्यानें नव्हे, तीन बोटांनीं.

इंग्रजी राज्य आल्यावर डोंगरांतल्या ह्या लोकांचा प्रश्न सरकारास छळूं लागला. खानदेशांत जेम्स आउटरम यानें १८२५ सालीं भिल्लांची पलटण उभी करण्यास आरंभ केला. तिचें ठाणें धरणगांवास होतें. कमठा धरणाऱ्या हातांत कंपनी सरकारची बंदूक आली, कवायत आली, पगार आला. बंडखोरालाच शिपाई करावें ही युक्ति यशस्वी झाली ह्यांत वाद नाहीं. ती पलटण १८९१ सालीं पोलिसांत विलीन करण्यांत आली. इकडे जुन्नर-अकोल्याच्या डोंगरांत १८२९-३० सालीं रामजी भांगरे ह्यांच्या नेतृत्वाखालीं कोळ्यांचें बंड झालें. पुढें राघोजी भांगरे ह्यांनीं सावकारांस व सरकारास दहशत घातली, आणि २ मे १८४८ रोजीं त्यांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. १८५७ च्या धामधुमींत सरकारनें कॅप्टन नटल ह्याच्या हाताखालीं कोळ्यांचीहि पलटण उभी केली. गरज सरल्यावर १८६१ सालीं ती मोडली. मग सावकारांचीं नाकें कापणाऱ्या होन्या केंगले ह्याचें बंड. १८७६ सालीं तो पकडला गेला.

तिरकमठ्याचें नशीब ठरलें तें मात्र ह्या कोणत्याच लढाईंत नव्हे. तें ठरलें १८७८ सालीं, कागदावर. त्या एकाच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें दोन कायदे केले. एक सातवा, जंगलांचा. दुसरा अकरावा, हत्यारांचा. हत्यारांच्या कायद्यांत 'हत्यार' ह्या शब्दाची जी व्याख्या केली तींत बंदुका, संगिनी, तलवारी, कट्यारी, भाले ह्यांच्या पंक्तीस धनुष्यबाणाचेंहि नांव बसविलें. हत्यार घेऊन हिंडावयाचें तर परवाना पाहिजे. सरकारास वाटेल तेथें सूट देण्याची मुभा होती. पण आजवर जें हत्यार बापानें मुलाच्या हातीं देतांना कोणास विचारलें नव्हतें, तें आतां कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहिलें.

जंगलांच्या कायद्याचा घाव त्याहून खोल होता. राखीव ठरविलेल्या रानांत शिकार, मासेमारी, फांसे लावणें हें सरकारी नियमांबाहेर केलें तर गुन्हा झाला. लांकूडतोडीचेंहि तेंच. आणि झाड म्हणजे काय ह्याची व्याख्या करतांना कायद्यानें वेळूलाहि झाड ठरविलें. वनस्पतिशास्त्राच्या मतें वेळू हें गवत आहे. कायद्याच्या मतें तो वृक्ष झाला. तेव्हां राखीव रानांत ज्या कांबीचें धनुष्य करावयाचें ती तोडणें गुन्हा, तें धनुष्य परवान्यावांचून खांद्यावर टाकून हिंडणें गुन्हा, आणि त्यानें ससा मारणें हाहि गुन्हा. बंदुकीला तीनशें वर्षांत जें जमलें नव्हतें तें एका वर्षाच्या दोन कायद्यांनीं केलें. ज्या घरांत शिकार बंद होते त्या घरांत बाण तासणारा म्हातारा असला तरी शिकणारा नातू नसतो. विद्या अशीच जाते. ती कोणी मारावी लागत नाहीं.

पुढच्या काळानें ह्यांतील कांहीं अन्याय दूर केला. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें वेळूची गणना गौण वनोपजांत केली व तो गोळा करण्याचा हक्क रानांत राहणाऱ्यांस दिला. शिकारीचा दरवाजा मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कायमचा बंद झाला. आंबेगांव भागांत भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं झालें. हें योग्यच झालें. जेथें शेंकरू व भेकर बोटांवर मोजण्याइतकीं उरण्याची भीति, तेथें बाणाचा अभिमान धरून चालावयाचें नाहीं. परंतु रान संपविलें तें तिरकमठ्यानें नव्हे. आगगाडीच्या पाट्यांसाठीं व कोळशासाठीं जीं झाडें पडलीं त्यांच्या मानानें भिल्ल-कातकऱ्यांचा ससा किती, ह्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

रानांतून निघालेली ही विद्या मैदानांत पुन्हां उगवली ती अगदीं वेगळ्या वाटेनें. ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्या १९७२ सालीं पुनः घेण्यांत आली व पुढच्याच वर्षीं भारतीय धनुर्विद्या संघटनेची स्थापना झाली. १९८७ च्या सुमारास सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचे लोक आदिवासी मुलखांत नेमबाज शोधीत हिंडूं लागले. तेव्हां उदेपूरकडील डोंगरांत, वेळूच्या धनुष्यानें पांखरें मारणारा लिंबाराम हा अहारी जमातीचा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. त्यानें तीन ऑलिंपिक सामन्यांत भाग घेतला, १९९१ सालीं त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१२ सालीं पद्मश्री. एकलव्याच्या मुलखांतल्या मुलास अर्जुनाच्या नांवाचा पुरस्कार! ज्यानें नांव ठरविलें त्याच्या हें ध्यानांतहि आलें नसेल.

महाराष्ट्रानेंहि ह्यांत आपला वांटा उचलला आहे. सातारा जिल्ह्यांतील सरडे गांवच्या मजुराच्या घरचा प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिकांत खेळला. ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथें साताऱ्याची अदिति स्वामी सतराव्या वर्षीं जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशीं नागपूरच्या ओजस देवतळे यानें पुरुषांत तेंच पद मिळविलें. ह्या दोघांचीं धनुष्यें कप्पीचीं होतीं. त्यांच्या टोंकांस चाकें असतात, आणि दोरी बोटांनीं न ओढतां हातांत धरलेल्या लहानशा यांत्रिक चापानें ओढून सोडतात. निकितिनानें चौलास पाहिलेल्या चाकरांस हें दाखविलें असतें तर त्यांनीं तें धनुष्य म्हणून ओळखलें असतें कीं नाहीं, शंकाच आहे.

तथापि राष्ट्रीय सामन्यांत एक विभाग असा ठेवलेला आहे कीं, तेथें हीं चाकें व चाप चालत नाहींत. त्यास 'भारतीय फेरी' म्हणतात. ५० मीटर व ३० मीटर ह्या दोन अंतरांवरून बाण सोडावयाचे. धनुष्य वेळूचें किंवा लांकडाचें, त्यावर नेम दाखविणारें कोणतेंहि उपकरण नाहीं. खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुलामुलींचा आरंभ ह्याच फेरींतून होतो. दोन्हीं बाहु सारखे वांकतात कीं नाहीं हें तीं मुलें धनुष्य हळूहळू ओढून, डोळा लावून पाहतात.